गिऱ्हाईक दारात तोलू नका

प्रति,
अध्यक्ष आणि पदाधिकारी,
फेडरेशन ऑफ ऑटोमोबाइल डीलर्स असोसिएशन्स, अर्थात फाडा,
नवी दिल्ली

महोदय,



हे पत्र जळगावहून लिहीत आहे. फेरारी, लॅम्बोर्गिनी किंवा पोर्शे यांपैकी एकाचेही शोरूम आमच्या जिल्ह्यात नाही, शेजारच्या धुळ्यातही नाही. गिऱ्हाईक मात्र इथे आहे. केळीचे मोठे बागायतदार, डाळ मिलवाले, चटई आणि पाइपचे कारखानदार, सराफ, धुळ्याच्या आग्रा रोडवरचे व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, दोंडाईच्याचे मिरचीवाले. दोन पिढ्यांपूर्वी दारात बैलगाडी होती आणि आज मुलगा स्पोर्ट्स कारचे नाव काढतो, अशी घरे खानदेशात बरीच सापडतील. ही माणसे महागडी मोटार घ्यायला मुंबई-पुण्याला जातात, नाशिकला, छत्रपती संभाजीनगरला जातात, नाहीतर सरळ सुरत किंवा इंदूर गाठतात. तिथे त्यांना जी वागणूक मिळते तिच्याबद्दल मला बोलायचे आहे. आपल्यालाच लिहितो आहे, कारण १९६४ पासून देशातल्या मोटार विक्रेत्यांच्या वतीने आपली संघटना बोलते आणि सभासदांना चार गोष्टी सुनावण्याचा अधिकार असलाच तर तो आपल्याला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. उंची मोटारींच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक दारातच तोलले जाते, आणि चावी हातात दिली की तेच गिऱ्हाईक विसरले जाते. या दोन सवयींचे मूळ एकच आहे: मोटार विकून आपण समोरच्यावर मेहेरबानी करतो ही समजूत.

आधी दाराबद्दल सांगतो.

माझे मामा रावेर तालुक्यातले. त्यांच्या घरात केळी तीन पिढ्यांची. मामेभावाने पॅकहाउस टाकले आहे, तो आखाती देशांत केळीचे कंटेनर पाठवतो. स्पोर्ट्स कार घ्यायची त्याची हौस घरात सगळ्यांना ठाऊक होती. एका हंगामात भाव चांगला लागला तेव्हा मामाच म्हणाले, चला, बघून तर येऊ. मुंबईतल्या एका शोरूमची वेळ ठरवून आम्ही चौघे गेलो: मामा, मामी, मामेभाऊ आणि मी. मामांचा सदरा स्वच्छ धुतलेला होता, इस्त्रीचा होता, पण बाहीवर चिकाचे डाग होते. केळीचा चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वाळला की तपकिरी होतो, पुढे काळपट, आणि मग सोडा लावा नाहीतर लिंबू, तो निघत नाही. रावेर-यावलकडे सदऱ्याची बाही बघून माणूस बागायतदार आहे हे ओळखतात आणि त्याला बसायला खुर्ची पुढे करतात.

शोरूमच्या दारावरच्या रखवालदाराने त्या बाहीकडे पाहिले आणि ड्रायव्हर लोकांनी मागच्या बाजूला थांबावे असे हिंदीत सांगितले. मामेभावाने फोनमधला अपॉइंटमेंटचा निरोप दाखवला तेव्हा दार उघडले. आतल्या विक्री प्रतिनिधीचा पहिला प्रश्न होता, कुणासाठी बघताय? त्यानंतर तो जे काही बोलला ते मामेभावाशीच, कारण त्याच्या मनगटावर बऱ्यापैकी घड्याळ होते. पैसे ज्यांच्या खात्यातून जाणार होते त्या मामांकडे त्याने पुन्हा वळूनही पाहिले नाही. मामांनी माहितीपत्रक मागितले, तर सगळे वेबसाइटवर आहे म्हणाला. चालवून बघायची म्हटले, तर आधी बुकिंगची रक्कम भरा. मामी मोटारीच्या उघड्या दाराशी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात. बैठक जमिनीपासून किती खाली आहे हे त्यांनी नीट पाहून घेतले आणि विचारले, 'यातून उतरताना हात कुठे धरायचा?'

त्या दिवशी तिथे याहून चांगला प्रश्न कुणी विचारला नाही. घरात ती मोटार कोण वापरणार, कशी वापरणार, दोन वर्षांनी ती दारात धूळ खात पडेल की काय, हे सगळे त्या एका प्रश्नात होते. विक्री प्रतिनिधी हसला आणि मोटारीचा वेग सांगू लागला.

मामांनी ती मोटार घेतली नाही. पैसे होते, हौसही होती. त्या पैशांतून पुढे केळी पिकवायचे दुसरे रायपनिंग चेंबर उभे राहिले.

त्या विक्री प्रतिनिधीवर माझा राग नाही. पंचविशीतला पोरगा, अंगावर कंपनीचा कोट, डोक्यावर महिन्याचे टार्गेट. येणाऱ्या प्रत्येक चौकशीपुढे हॉट, वॉर्म किंवा कोल्ड असा शेरा मारायचा हे त्याला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवलेले असते. माणूस किती दिवसांत पैसे भरेल याचा अंदाज बांधणे हे त्याचे काम आहे, आणि अंदाज बांधायला त्याच्या हाती काय असते? बूट, घड्याळ, बोली, आणि बाहेर लावलेली गाडी. तो वाशिमचा असेल, पाचोऱ्याचाही असेल, त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या बाहीवर असेच डाग असतील. त्याला असे तोलायला शिकवतो तो त्याचा मालक, म्हणजे आपला सभासद.

हा प्रकार एकट्या माझ्या मामांच्या वाट्याला आला असता तर मी आपल्याला पत्र लिहिले नसते. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकात तुमकुरू इथे एक शेतकरी महिंद्राची मालवाहू पिकअप घ्यायला गेला होता. तुझ्या खिशात दहा रुपये तरी आहेत का, अशा शब्दांत विक्री प्रतिनिधीने आपल्याला हिणवले, असे त्याने सांगितले. तो तासाभरात दहा लाखांची रोकड घेऊन परत आला. त्याची चित्रफीत देशभर फिरली, तेव्हा आनंद महिंद्रा यांना जाहीरपणे सांगावे लागले की माणसाची प्रतिष्ठा राखणे हे त्यांच्या समूहाचे मूल्य आहे. कंपनीने चूक सावरली, हे चांगले झाले. पण ती सावरली गेली कारण कुणीतरी फोन काढून चित्रण केले. आमच्याकडची बहुतेक माणसे फोन काढत नाहीत. ती उठतात आणि घरी येतात.

पैसे देण्याच्या पद्धतीचीही एक गोष्ट यात आहे. आयकर कायद्यात कलम २६९एसटी आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०१७ पासून, दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हा कायदा बरोबर आहे आणि आमच्या लोकांना तो आता चांगला माहीत आहे. पण बँकेतून कर्ज काढायचे म्हटले की शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे शंभर एकर केळी असलेल्या माणसाचे विवरणपत्र पगारदार कारकुनापेक्षा बारीक दिसू शकते. तो पिशवीतून सातबारा काढतो, पॅकहाउसच्या पट्ट्या काढतो, बँकेचे उतारे काढतो, आणि टेबलापलीकडच्या माणसाला ते कागद वाचताच येत नाहीत. कागद वाचता येत नाही हे त्याने सांगितले असते तरी चालले असते. तो 'कळवतो' म्हणतो आणि कळवत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात एकदा येऊन बसा, असे मी आपल्याला मनापासून सुचवीन. इथल्या सोन्याचे नाव राज्यभर आहे. रतनलाल बाफनांसारख्या सराफांनी ते वाढवले, पण त्यांच्याही आधी कितीतरी पिढ्या इथल्या पेढ्यांनी ते राखले. गादीवर येणारे गिऱ्हाईक चोपड्याच्या खेड्यातून आलेले असो की मुंबईहून, आधी बसायला सांगतात, पाणी देतात, मग काय काढू म्हणून विचारतात. लग्नाचे सोने घ्यायला आलेल्या घरात सगळ्यात म्हातारी बाई कोण ते मालक ओळखतो आणि दागिना पहिल्यांदा तिच्या हातात देतो, कारण पसंती तिची असते. वजन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होते. आणि गिऱ्हाईक घेतानाच विचारते, मोडीला किती धराल? या प्रश्नाने कुठल्या सराफाला अपमान वाटत नाही. तो घट किती जाईल, मजुरी परत मिळणार नाही, हे तिथल्या तिथे सांगतो. सराफ सोने तोलतो, माणूस तोलत नाही, म्हणून त्याच घरातली नात तीस वर्षांनी त्याच पेढीवर येते.

आपल्या शोरूममध्ये 'मोडीला किती' हा प्रश्न विचारून बघा. चार कोटींची मोटार तीन वर्षांनी किती रुपयांना परत घ्याल, याचे सरळ उत्तर किती ठिकाणी मिळते?

मोटारीच्या धंद्यातलीच एक हकीकत आपल्याला माहीत असेल, तरी सांगतो. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हा उत्तर इटलीतल्या द्राक्षे पिकवणाऱ्या घरातला मुलगा. १९४८ मध्ये त्याने ट्रॅक्टरचा कारखाना काढला, पैसा आला, फेरारी घेतली. तिचा क्लच सारखा जायचा. पुढे त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितले की उघडून पाहिले तेव्हा तो आपल्या ट्रॅक्टरला बसणाऱ्या क्लचसारखाच निघाला. तक्रार घेऊन तो एन्झो फेरारींकडे गेला, तेव्हा तुला ट्रॅक्टर चालवता येतो, फेरारी चालवणे तुझे काम नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे तो सांगत असे. १९६३ मध्ये त्याने स्वतःची मोटार कंपनी काढली. आज ज्या मोटारीच्या दारात आमच्या बागायतदाराला थांबवतात, ती मोटार, फेरुचिओच्या सांगण्याप्रमाणे, एका शेतकऱ्याच्या मुलाला दारातून परत पाठवल्यामुळे जन्माला आली.

त्याच १९६३ साली आमच्याकडे वाकोदच्या शेतकरी घरातले भवरलाल जैन घरातली सात हजारांची पुंजी घेऊन जळगावात हातगाडीवर रॉकेल विकत होते. पुढे त्यांनी ट्रॅक्टरपासून मोपेडपर्यंत कितीतरी एजन्सी चालवल्या. म्हणजे तेही एके काळी आपल्यासारखेच डीलर होते. ठिबक सिंचनात त्यांनी जे नाव कमावले त्याचा पाया त्या एजन्सीच्या दिवसांत घातला गेला असे मला वाटते, कारण तिथे समोर बसणारे गिऱ्हाईक शेतकरीच होते आणि त्याला काय अडते हे ऐकून घ्यायची सवय तिथेच लागते. नळी विकून त्यांची कंपनी थांबली नाही. शेतात जाऊन ती कशी अंथरायची, केव्हा धुवायची हे शिकवणारी माणसे तिने ठेवली. केळीला ठिबक आली, पाठोपाठ ऊतिसंवर्धित रोपे आली, आणि आज स्पोर्ट्स कार बघायला जाणाऱ्या पिढीच्या हातात पैसा आला तो त्यातूनच.

आता चावी दिल्यानंतरचे.

मोटार देण्याचा दिवस आपले सभासद झोकात साजरा करतात. मखमली आच्छादन, केक, फुगे, हार, छायाचित्रकार. घरच्यांना आनंद होतो, तो खरा असतो. पण त्या दिवशी एक कागद कुणी देत नाही: जळगावात ही मोटार बंद पडली तर कोण येणार, किती वेळात येणार, कुठे नेणार आणि त्याचे पैसे कोण देणार. जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरहून जास्त आहे, धुळ्याहून तीनशेच्या वर. या मोटारी दोरी बांधून ओढता येत नाहीत, त्यांना सपाट पाठीचा ट्रकच लागतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर असावी, आणि आमच्या गावोगावचे गतिरोधक मानक बघून बांधलेले नसतात. पोट जमिनीपासून अकरा-बारा सेंटिमीटरवर असलेली मोटार विकताना, तुमच्या घरापर्यंतचा रस्ता कसा आहे, एवढे तरी विचारायला हवे. पुढचे नाक उचलणारी यंत्रणा बऱ्याच स्पोर्ट्स कारना मिळते, कधी ती जादा पैसे मोजून घ्यावी लागते. रावेरच्या माणसाला ती आधी सांगायची की तळ घासल्यावर?

या वागणुकीपुढे श्रीमंतीही कामाला येत नाही. गौतम सिंघानिया यांच्या रेमंड समूहाचे नाव आमच्या औद्योगिक वसाहतीत घरचे आहे, कारण त्यांच्या कापडाची गिरणी इथे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर तक्रार केली की त्यांची नवी लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो अटल सेतूवर विजेची यंत्रणा पूर्ण बंद पडून अडकली आणि कंपनीच्या भारतातल्या व आशियातल्या प्रमुखांनी साधी विचारपूसही केली नाही. त्यांनी उर्मटपणा हा शब्द वापरला. कोट्यवधींची मोटार, नामांकित उद्योगपती, मुंबईचा पूल, आणि तरीही विचारपूस नाही. मग धुळ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याची मोटार लळिंगच्या घाटात बंद पडली तर त्याला काय मिळेल?

फेरारीने २०११ मध्ये भारतात अधिकृत विक्री सुरू केली तेव्हाही हेच झाले होते. विक्रीनंतरच्या सेवेबद्दल बड्या ग्राहकांनीच तक्रारी केल्या, पहिला विक्रेता गेला आणि २०१५ मध्ये कंपनी मुंबई आणि दिल्लीत नवे विक्रेते नेमून परत आली. म्हणजे तक्रारीची दखल घेता येते. पण त्यासाठी तक्रार करणाऱ्याचे नाव मोठे लागते, हे मला खटकते.

एकट्याचे नाव लहान असेल तर गटाचे मोठे करता येते, हे आमच्या शेजाऱ्यांनी दाखवून दिले. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज मोटारी एकाच दिवशी घेतल्या गेल्या, सुमारे ६५ कोटींच्या. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर एकत्र आले, स्टेट बँकेकडून सात टक्क्यांनी कर्ज मिळवले आणि कंपनीला आपल्या गावात यायला लावले. तोवर त्या शहराला महागड्या मोटारींचा बाजार म्हणून कुणी मोजत नव्हते. अशी एकी खानदेशात करता येईल, आणि कदाचित करावीही लागेल. पण मान मिळण्यासाठी दीडशे जणांनी हात धरून उभे राहावे, ही अपेक्षा आपण तरी बरोबर म्हणणार नाही.

कायद्याकडे जावे म्हटले, तर तो रस्ता लांबचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एक चांगली गोष्ट आली: ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, ती ऑनलाइनही दाखल होते. पण २०२१ च्या नियमांनुसार जिल्हा आयोगाची मर्यादा वस्तूसाठी मोजलेल्या ५० लाखांपर्यंत आहे. त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि त्याच्याही वर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रचना वैध ठरवली. आमच्या माणसाने साधी मोटार घेतली तर जळगावात दाद मागता येते, दोन कोटींवरची स्पोर्ट्स कार घेतली तर तक्रार थेट दिल्लीला जाते. आणि वेळ किती लागतो ते बघा. एका कंपनीने संचालकांसाठी २००३ मध्ये घेतलेल्या मर्सिडीजचा मधला भाग तापतो ही तक्रार होती, तिचा शेवटचा निकाल जुलै २०२४ मध्ये लागला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बीएमडब्ल्यूला एका ग्राहकाला ५० लाख देण्यास सांगितले, ती मोटार २००९ मध्ये घेतलेली होती. पहिल्या निकालात एक मोलाची गोष्ट झाली: संचालकाच्या वापरासाठी कंपनीच्या नावावर घेतलेली मोटार आपोआप व्यापारी कारणासाठीची ठरत नाही, म्हणून कंपनीही ग्राहक ठरू शकते. आमच्याकडे बऱ्याच मोटारी फर्मच्या नावावर असतात, त्यांना हा निकाल उपयोगी आहे. पण वीस वर्षे लढायला प्रत्येकाकडे वकिलांची फौज नसते.

किमतीच्या कागदाबद्दलही बोलायला हवे. अशा मोठ्या मोटारींवरचा ४० टक्के जीएसटी, आरटीओचा एकरकमी कर, ज्याची कमाल मर्यादा राज्यात १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली, दहा लाखांवरच्या मोटारीवर उगमापाशी वसूल होणारा एक टक्का, विमा, वाढीव वॉरंटी, आणि शेवटी 'हँडलिंग' नावाची एक रक्कम. विमा कुठूनही घेता येतो हे गिऱ्हाइकाला सांगायचे नाही आणि हँडलिंग कशाचे ते लिहायचे नाही, ही पद्धत किती दिवस चालायची? केळी उत्पादकाने बोर्डावर एक भाव आणि प्रत्यक्ष खरेदीत दुसरा, हे आयुष्यभर सोसलेले असते. दोन आकड्यांमधली फट त्याला लगेच दिसते. तो बोलत नाही एवढेच.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात जड वाटते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती मोटार तात्पुरत्या नोंदणीवर बंगळुरूहून आलेली होती, आणि पुण्यातली नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे राहून गेली होती. त्याच्या बारा दिवस आधी, ७ मे रोजी, जळगावजवळ रामदेववाडीला भरधाव मोटारीच्या धडकेत एक आशा सेविका आणि तीन लहान मुले गेली. दोन्ही प्रकरणे न्यायालयात आहेत, दोषी कोण ते न्यायालय सांगेल. मी विक्रेत्याच्या कर्तव्याबद्दल बोलतो आहे. ग्राहक आणि विक्रेता एकाच राज्यातले असतील तर नोंदणीची पाटी लागल्याशिवाय नवी मोटार ताब्यात देऊ नये, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्ये आहे. परराज्यातून तात्पुरत्या नोंदणीवर आलेल्या मोटारीच्या बाबतीतही, पक्की पाटी लागली का याचा पाठपुरावा विक्रेत्याने का करू नये? पाचशे-सातशे अश्वशक्तीची मोटार बापाने पोराच्या हट्टासाठी घेतली आहे, हे विक्री करणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते. दारात माणसाच्या चपला बघून एवढे अंदाज बांधणाऱ्यांना हे दिसत नाही, असे मी मानत नाही. तिथे बापाला बाजूला घेऊन, मुलाला आधी ट्रॅकवर शिकवून आणतो आणि मग चावी देतो, असे म्हणणारा विक्रेता आम्हाला हवा आहे. एखादी विक्री हातची गेली तरी चालेल, इतका गिऱ्हाइकाचा विचार करणे यालाच मी मान देणे म्हणतो.

आपली संघटना दरवर्षी विक्रेत्यांच्या समाधानाचा अभ्यास करते: कंपन्या डीलरशी कसे वागतात, कुठे दुखते, ते मोजते आणि छापते. २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले तेव्हा डीलरांचे कसे हाल होतील हे आपणच सरकारला सांगितले, आणि डीलरच्या संरक्षणासाठी कायदा मागितला. मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. समोरचा पक्ष मोठा असला, त्याने पाठ फिरवली आणि विचारायला दार उरले नाही की काय होते, हे आपल्या सभासदांनी अनुभवले आहे. मग तोच अनुभव त्यांनी आमच्या माणसाला देऊ नये यासाठी ग्राहकांच्या समाधानाचाही अभ्यास करा. लहान गावातून आलेल्या ग्राहकाचे उत्तर त्यात वेगळे मोजा. दारातल्या रखवालदारापासून फायनान्सच्या टेबलापर्यंत कोण काय बोलले, ते विचारा. आणि मोटार विकताना बिघाड, अंतर, खर्च आणि परत घेण्याची किंमत यांचा एक पानाचा मराठी कागद देणे महाराष्ट्रातल्या सभासदांना बंधनकारक करा. इंग्रजीतल्या साठ पानी पुस्तिकेत ते लिहिलेले असते हे मला माहीत आहे. पण ती वाचायची वेळ येते तेव्हा मोटार रस्त्याच्या कडेला उभी असते.

यापुढचे बोलणे समोरासमोर व्हावे. राष्ट्रीय ग्राहक दिन २४ डिसेंबरला असतो. त्या सुमारास आपण जळगावला या, धुळ्याहून आणि नंदुरबारहूनही लोक येतील, जागेची आणि जेवणाची सोय आम्ही करू. नुसते शोरूमचे मालक आणू नका. सोबत दोन-तीन विक्री प्रतिनिधी असू द्या, त्यांचीही बाजू ऐकायची आहे. आणि वर्कशॉपमधला एखादा जुना मेकॅनिक नक्की आणा, कारण मामींचा पहिला प्रश्न त्यालाच असेल.

आपला,
केळी बागायतदारांच्या घरातला एक ग्राहक
जळगाव